गावातल्या अभ्यासिकेत प्रॉक्सी सर्व्हर: काही महिने वापरल्यानंतर

प्रॉक्सी म्हणजे आपण आणि वेबसाइट यांच्या मधे बसणारा सर्व्हर. तो लावला की समोरच्या वेबसाइटला आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या कनेक्शनचा क्रमांक, दिसत नाही, त्या सर्व्हरचा दिसतो. एवढं काम तो चोख करतो. पण खेड्यात ज्यांच्यापासून लपायचं असतं ती माणसं वेबसाइटच्या बाजूला नसतात, आपल्याच बाजूला असतात. तिथे प्रॉक्सीचा उपयोग फार कमी, हे मला इतके महिने वापरल्यावर पक्कं समजलं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मी एक लहान अभ्यासिका चालवतो. काही जुने संगणक, एक फायबरचं कनेक्शन, आणि पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणारी पोरंपोरी. त्यातल्या मुली कधी हळूच विचारतात, "सर, इथं सिकलसेलचं पाहिलं तं कोणाले समजते का जी?" सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पूर्व विदर्भात हा प्रश्न किती जड आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुलगी नुसती वाहक असली, तिला स्वतःला काही त्रास नसला, तरी सोयरिकीत बोट ठेवलं जातं. त्यांना खरं उत्तर देता यावं म्हणून मी हे सगळं लावून पाहिलं.

सुरुवातीला काहीही न लावता पत्ता तपासला. मोबाईल डेटावर ठिकाण कधी मुंबई दाखवायचं, कधी नागपूर. गावाचं नाव एकदाही आलं नाही. मोबाईल कंपन्या एकाच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या आयपी) पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून कुठलीही वेबसाइट आपल्या घरापर्यंत येत नाही. कोणत्या वेळी कोणता ग्राहक त्या पत्त्यामागे होता याची नोंद कंपनीकडे असते, आणि तपास यंत्रणेला ती मागता येते. म्हणजे परक्या वेबसाइटसाठी आपण आधीच बरेचसे धूसर असतो.

मोफत याद्यांमधले प्रॉक्सी मी फक्त तपासणीपुरते वापरले, लॉगिन कुठेच केलं नाही. त्यातले काही साध्या, कुलूप नसलेल्या वेबसाइटला विनंती पाठवताना 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या ओळीत आपला मूळ पत्ताच जोडून देतात. अशा प्रॉक्सीने लपवलं ते काय? शिवाय तो सर्व्हर कोण चालवतो आणि फुकट का चालवतो, याचा पत्ता नाही. पोरांना मी सरळ सांगितलं आहे की ही वाट नको.

मग पैसे भरून सॉक्स५ या प्रकारच्या प्रॉक्सीची सेवा घेतली. फायरफॉक्समध्ये त्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक टाकला, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी विचारणा) हीही प्रॉक्सीतूनच जाईल अशी खूण केली, आणि आयपी लगेच जर्मनीचा दिसू लागला. एक भोक मात्र राहिलं होतं. व्हिडिओ कॉलसाठी ब्राउझरमध्ये असणारं वेबआरटीसी प्रॉक्सीला वळसा घालून थेट बाहेर जाऊ शकतं. तपासणीच्या पानावर जर्मनीच्या पत्त्याखाली माझ्या फायबरचा खरा पत्ताही छापून आला! ते बंद केल्यावर पान स्वच्छ झालं.

त्यानंतर नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारं वायरशार्क लावून संगणकातून काय बाहेर पडतं ते पाहिलं. सॉक्स५ स्वतः काहीच कुलूपबंद करत नाही. वेबसाइटच्या एचटीटीपीएस या कुलपामुळे पानावरचा मजकूर वाचता येत नव्हता, पण कोणती वेबसाइट उघडली तिचं नाव अक्षरन् अक्षर दिसत होतं. याचा अर्थ, जर्मनीच्या सर्व्हरमुळे सिकलसेलच्या वेबसाइटला मुलगी कुठली ते कळणार नाही, पण ज्याच्या वायफायवर ती बसली आहे त्याला, म्हणजे मला, ते पाहता येईल. आणि प्रॉक्सीवाल्यालाही. तिला भीती होती ती नेमकी इथलीच.

मोबाईलवर अनुभव आणखी अर्धवट. अँड्रॉइडच्या वायफाय सेटिंगमध्ये टाकलेला प्रॉक्सी ब्राउझर पाळतो, बाकीची ॲप पाळतीलच असं नाही. व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून प्रॉक्सीची वेगळी सोय आहे. पण मला त्याहून उपयोगी वाटली ती त्याच वर्षी आलेली, कॉलमध्ये आयपी पत्ता लपवण्याची सेटिंग. दोघांमधला कॉल थेट जोडला गेला तर समोरच्याला आपला पत्ता काढता येतो; ही सेटिंग चालू केली की कॉल व्हॉट्सॲपच्या सर्व्हरमधून जातो. अनोळखी कॉलचा त्रास असलेल्या मुलींच्या फोनवर ती आधी लावून घ्या, प्रॉक्सीची वर्गणी नंतर.

त्रासाचं सांगायचं तर, जर्मनीमार्गे प्रत्येक पान रेंगाळतं, 'मी रोबोट नाही' म्हणून चित्रं निवडायला लागतात, आणि काही सरकारी पोर्टलं परदेशी पत्त्यावरून उघडतच नाहीत. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी प्रॉक्सी बंदच ठेवावा लागतो.

शेवटी मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावरून एसएसएचचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी कुलूपबंद जोडणी करण्याच्या पद्धतीचा, बोगदा केला. यात संगणकापासून सर्व्हरपर्यंतची वाट खरोखर कुलूपबंद असते, वेगही बरा. पण अनामिकता? उलट कमीच. त्या पत्त्यामागे फक्त आमची अभ्यासिका आहे, गर्दी नाही. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा सर्व्हर देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी अशी माहिती ५ वर्षं जपावी लागते. मला ते चालतं, कारण कायद्यापासून लपायचं नाहीच.

आता राहिली खरी गळती. आमच्याकडे कितीतरी घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या गूगल खात्यावरच बापाचा फोन सुरू केलेला असतो. मुलीने अभ्यासिकेत त्याच खात्याने लॉगिन करून काही शोधलं की घरच्या फोनवर यूट्यूब तसलेच व्हिडिओ दाखवू लागतं, शोधाचा इतिहासही तिथे उघडतो. आयपी जर्मनीचा असो की नागपूरचा, खातं एकच. हे कुठलाही प्रॉक्सी अडवू शकत नाही, आणि त्या सेवेच्या जाहिरातीत याबद्दल एक ओळ नव्हती. पूर्ण अनामिकतेचं वचन देऊन पैसे घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

म्हणून सॉक्स५ ची वर्गणी मी बंद केली. मुंबईचा सर्व्हर ठेवला आहे, तो बाहेरगावी लॉजच्या वायफायवर मला कामाला येतो. अभ्यासिकेच्या संगणकांवर फायरफॉक्स बंद होताच इतिहास आणि कुकी पुसल्या जातात, राउटरमधली नोंद बंद केली आहे, आणि ती बंद असल्याचं विचारेल त्याला राउटरचं पान उघडून दाखवतो. ज्यांना घरच्या फोनवर काही दिसू द्यायचं नाही, त्यांना वेगळं गूगल खातं काढायला मदत करतो.