थर्माकोलचा परलाइट, खारं कोकोपीट आणि माझे ८,५९९ रुपये

८,५९९ रुपये. पैसे मातीत गेले असं म्हणायचीही सोय नाही, कारण रोपं करायचं तयार मिश्रण म्हणून आलेल्या त्या गोणीत जे होतं त्याला माती म्हटलं तर मातीचा अपमान होईल.

हिशोब आधीच देते, नंतर कुणी "नक्की किती गेले?" असं खोदून विचारायला नको. नमुन्याचे १४९. "टोमॅटो-मिरची स्पेशल सीडलिंग मिक्स", पंचवीस लिटरची गोणी ६४९ ला, अशा दहा गोण्यांचे ६,४९०. गाडीभाडं ६००. परतीच्या गाडीच्या नावाखाली ५००, त्यावर पुढे येतेच. आणि त्या घाणीत पेरलेलं संकरित ढोबळी, मिरची आणि टोमॅटोचं बी, ८६०. दहातल्या सात गोण्या सोसायटीतल्या बायकांच्या होत्या. भाडं धरून गोणीमागे ७०९ पडले होते. म्हणजे ४,९६३ रुपये मी एकेकीच्या दारात जाऊन परत केले. कुणी मागितले नव्हते, पण लिफ्टमध्ये रोज त्याच बायका भेटतात.

इन्स्टाग्रामवरची जाहिरात, मग व्हॉट्सॲप, मग "ताई, ताई", मग आगाऊ पैसे. हा प्रकार कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं. म्हणूनच मी आधी दोन लिटरचा नमुना मागवला होता. तो अव्वल होता, हे आजही सांगेन. भुरभुरीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, चाळलेलं काळं गांडूळखत आणि खरा परलाइट, म्हणजे पांढरे हलके दाणे. मुठीत दाबला की गोळा व्हायचा, बोट लावलं की फुटायचा. वास पहिल्या पावसाचा. नमुना अस्सल आणि माल भलताच, एवढी मेहनत कुणी मातीसाठी घेईल, असं माझ्याच काय, कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. तेव्हा "नमुना मागवा" हा सल्ला देणाऱ्यांनी तो आता जपून द्यावा. नमुना मागवायचाच तर आपल्या नावाने मागवू नका, आणि मोठा माल आल्यावर पहिली गोणी त्या नमुन्याशेजारी ओतून बघितल्याशिवाय गाडीवाल्याला सोडू नका.

घाई का केली असंही विचारतात. मुंबईत ढोबळी आणि टोमॅटोची रोपं गणपतीच्या आगेमागे टाकली तरच थंडीत फळं धरतात. उशीर झाला की ऐन फुलोऱ्यात उकाडा येतो आणि फुलं गळतात. हे विकणाऱ्यालाही आमच्याइतकंच ठाऊक होतं. "ताई, चतुर्थीनंतर गाडी नाही, कामगार गावाला जाणार." हे खोटं तरी कसं म्हणणार? चतुर्थीला निम्मी मुंबई गावाला जातेच! पैसे भरताना फोनवर दुकानाचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, "वहिनींचं खातं आहे, ताई, जीएसटीचं काम चालू आहे." पैसे कुणाच्या खात्यात जाताहेत ते नाव वाचा. दुकानाचं नसेल तर तिथेच थांबा.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. गोण्या आल्या तेव्हा पाऊस होता. आमच्या इमारतीत मालासाठी लिफ्ट वापरायला बंदी, त्यामुळे पोरगा पाठीवर गोणी घेऊन जिना चढला, ती दाणकन ठेवली आणि म्हणाला, "काकू, यात रेती आहे काय?" बस्स. इतकं स्पष्ट तर मला नंतर कुठल्याच कार्यालयात कुणी सांगितलं नाही. रोपांचं मिश्रण हलकं असतं, ती त्याची पहिली ओळख. पंचवीस लिटरची गोणी एका हाताने सरकवता आली पाहिजे. ही मला दोन्ही हातांनी हलेना. मी काय म्हटलं? "पावसात भिजली असेल रे, कोकोपीट पाणी पितं." ते खरंही आहे. भिजलेलं कोकोपीट जडच लागतं, कुठल्याही नर्सरीवाल्याला विचारा. त्या दिवशी ऊन असतं तर मी फसले नसते, असं मला अजून वाटतं. वर त्या पोराला पन्नास रुपये चहापाण्याला दिले, ते हिशोबात धरलेले नाहीत. ते त्याच्या हक्काचे होते.

ट्रे भरले, पेरलं. टोमॅटो आठवड्याभरात वर आले. मिरची आणि ढोबळी सावकाशीने उगवतातच, म्हणून धीर धरला. ढोबळीचं निम्मंही उगवलं नाही. जी उगवली तिच्या पहिल्या दोन पानांच्या कडा तपकिरी झाल्या, वाढ तिथेच खुंटली आणि एकेक रोप बुडापाशी बारीक होऊन आडवं पडलं. ट्रेवर पांढुरकी खपली धरली. आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी बुरशी ठरवून टाकली. बुरशीनाशक टाका, दालचिनी भुरभुरा. बुरशीने रोपं कोलमडतात हे खरं, पण खपली बुरशीची नव्हती, मिठाची होती.

विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर तयार. "ताई, टोमॅटो उगवले ना? मग मिश्रण उत्तम आहे. मिरचीचं बी खराब." ऐकायला किती पटतं! इथेच चांगल्या चांगल्यांची बोलती बंद होते, म्हणून नीट लिहिते. टोमॅटो क्षार सोसतो. वाढलेल्या झाडांसाठी क्षारतेची जी मर्यादा धरतात ती टोमॅटोला साधारण २.५ डेसिसीमेन्स प्रति मीटर (हे क्षारता मोजायचं एकक) आणि मिरची-ढोबळीला १.५ आहे. कोवळी रोपं तर त्याहून नाजूक. तेव्हा टोमॅटो तगले आणि ढोबळी मेली, तर संशय बियाण्याच्या आधी मिश्रणावर घ्यायचा. नारळाची सोडणं पुष्कळ ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजत घालतात, त्यातलं मीठ कोकोपीटमध्ये उतरतं. चांगले लोक ते गोड्या पाण्याने धुतात, काही तर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून उरलेलं सोडियमही काढतात. धुवायला पाणी लागतं, पाण्याला पैसा लागतो. न धुतलेलं स्वस्त पडतं.

हे मला कुठल्या तज्ज्ञाने दाखवलं नाही. पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करायला माणूस आला होता, त्याच्या खिशात टीडीएसचं पेन होतं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. आकडा जितका मोठा तितके क्षार जास्त. नळाचं पाणी ७० दाखवत होतं. एक वाटी मिश्रण दोन वाट्या नळाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून फडक्याने पिळलं आणि त्यात पेन बुडवलं तर १,८९०. तो माणूस म्हणाला, "मॅडम, बोअरवेलला पण एवढा नाही येत." नमुन्यातलं चिमूटभर उरलं होतं, तेही तसंच पिळलं. ३१०. हे पेन दोन-तीनशेला मिळतं. सोसायटीत एक तरी घेऊन ठेवा आणि पेरायच्या आधी बुडवा. मेल्यावर बुडवून उपयोग नाही.

मग मी अख्खी गोणी गच्चीत ओतली. वजन कशाचं ते कळलं. तळाशी करडा चुरा होता, त्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं. रस्त्याकडेला डेब्रिज पडतं ना, तेच चाळून घातलेलं. चुना-सिमेंटचा अंश असला की आंबट लागताच फेस येतो आणि अशा मिश्रणात रोप पिवळं पडतं. गांडूळखत म्हणून जे होतं ते अर्धवट कुजलेलं शेण. गोणीत हात घातला तर आत कोमट लागत होतं. मुरलेलं खत कोमट लागत नाही, त्याला शेणाचा वासही येत नाही.

आणि परलाइट! पांढरे दाणे भरपूर होते, नमुन्यापेक्षा जास्तच. नखाने दाबला तर दाणा दबला आणि परत फुगला. परलाइट हा ज्वालामुखीचा खडक तापवून फुगवलेला असतो, तो नखाखाली करकरून पिठासारखा चुरतो. हा होता थर्माकोल. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, आमच्या घरचं गणपतीचं मखर तेव्हापासून कापडाचं असतं, आणि त्याच थर्माकोलचे दाणे मी साडेसहाशे रुपये गोणीने घेऊन माझ्या मिरचीला घातले. पाण्यात टाकून ओळखा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, दोन्ही तरंगतात. नखच वापरा.

हे सगळं व्हिडिओसकट पाठवल्यावर तो एकदम नरम झाला. "ताई, चुकून दुसऱ्या लॉटचा माल गेला. गाडी पाठवतो, पाचशे भरा, पूर्ण रकमेबरोबर परत करतो." भरले. हो, भरले, कारण सात बायकांचे पैसे अडकले होते आणि पाचशेत सात हजार सुटणार असतील तर कुणीही भरेल. त्यानंतर एकच टिक. परताव्यासाठी ग्राहकाने पैसे भरायचे नसतात, एवढं पाठ करा.

आता अधिकाऱ्यांचं पुराण. पोलीस ठाण्यात गेले. ड्युटीवरच्या साहेबांनी विचारलं, "काय चोरीला गेलं?" मी म्हटलं, फसवणूक आहे, कुंडीच्या मिश्रणात. ते मागे वळून सहकाऱ्याला म्हणाले, "मातीची तक्रार आलीय." दोघं हसले. पुरावा म्हणून मी रिक्षात घालून एक गोणी नेली होती, ती बाहेर ठेवायला लावली, वर फरशी खराब झाली म्हणून बोलणीही मीच खाल्ली. "मॅडम, ऑनलाइन आहे ना, मग सायबरला." सायबरवाले म्हणाले, "माल मिळालाय ना? मग सायबर नाही, हा दिवाणी वाद." परत पहिल्या टेबलावर. शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून वाटेला लावलं. जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. त्यातलं ३१८(४), म्हणजे फसवून पैसे किंवा माल द्यायला लावणं, हा दखलपात्र गुन्हा आहे. हे मी म्हटलं तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही वकील आहात का?" नाही हो, मी ढोबळी मिरची लावते.

मग एका सरकारी कार्यालयात गेले. वाटलं, खताची भेसळ म्हटल्यावर तरी कान टवकारतील. तिथल्या बाईंनी गोणीवरचं लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "यावर खत असं लिहिलंय का? मिश्रण लिहिलंय. मिश्रण आमच्याकडे येत नाही." गांडूळखत हे खत नियंत्रण आदेशात येतं, १९८५ पासून तो आदेश आहे, आणि यात तीस टक्के गांडूळखत छापलंय, असं मी म्हटलं. तर म्हणे, "ते वेगळं विकलं असतं तर बघितलं असतं." म्हणजे भेसळ सुटी विकली तर गुन्हा आणि कालवून विकली तर धंदा! दुसऱ्या एका कार्यालयात गोणीवर उत्पादकाचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कमाल किंमत नाही हे दाखवलं. पाकीटबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तिथलं उत्तर तर मढवून ठेवावं असं. "पत्ताच नाही, तर नोटीस कुठे पाठवायची? आधी पत्ता आणा." पत्ता नाही हीच तर तक्रार आहे! अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. मी हटले नाही तेव्हा पोच दिली, त्यावरचा शिक्का असा की तारीख वाचता येत नाही. यांच्या पगाराचा कर त्या १४९ रुपयांच्या नमुन्यावरही कुणीतरी भरत असेल. तो ताईताईवाला भरत नसणार, एवढं नक्की.

आमचे हे म्हणतात, सोड आता, आठ हजारासाठी किती चपला झिजवणार. त्या माणसाचा धंदा नेमक्या याच वाक्यावर चालतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि विकणारा कुठल्याही गावचा असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तीच करतेय. तुमचे पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग रडा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की हाती लागणं कठीण.

रोपं पुन्हा टाकली आहेत, उशिरा का होईना. पाच किलोची कोकोपीटची वीट २४० ला आणली. ती फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते, म्हणजे पंचवीस लिटरला साडेसहाशे हा भावच मुळात कशाचा होता ते बघा. पिंपात भिजवून, पिळून, पाणी बदलत राहिले, पेन दीडशेच्या खाली येईपर्यंत. तीन भाग हे कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग नखाने तपासलेला परलाइट. बाकी काही नाही. रोपाला खरी पानं फुटेपर्यंत फार खुराक लागतही नाही. "बारा घटकांचं मिश्रण" असं कुणी मिरवत असेल तर त्यातले नऊ तुम्हाला तपासता येऊ नयेत म्हणून असतात.

तो नंबर बंद आहे. पण त्याच गोणीचा, त्याच निळ्या ताडपत्रीवरचा फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय आणि भाव ६९९ झालाय. खाली एकीने "मस्त रिझल्ट" असं लिहिलंय. तिच्याकडेही बहुतेक नमुनाच पोचला असेल.

ज्यांच्याकडे अशा गोण्या आल्या असतील त्यांनी मिश्रण फेकलं तरी गोणी आणि लेबल फेकू नका, पैसे भरल्याचा संदेश पुसू नका आणि त्या माणसाशी झालेलं बोलणं आजच दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा. आयोगाची परवानगी घेऊन एकाच प्रकारे फसलेल्यांना मिळून एक तक्रार करता येते. मला अजून तीन-चार जण मिळाले तर हवे आहेत.