अंगठा सोडवणारे ‘ब्लूग्रास’ उपकरण : एका पालकाचा सविस्तर अभिप्राय

माझी सात वर्षांची मुलगी तान्हेपणापासून उजव्या हाताचा अंगठा चोखत असे. ती सवय सुटावी म्हणून एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालदंततज्ज्ञांनी तिला ‘ब्लूग्रास’ नावाचे उपकरण बसवले आणि ते नुकतेच काढले. हे उपकरण दुकानात तयार मिळत नाही, मुलाच्या तोंडाच्या मापाने करून घ्यावे लागते. माझे मत आधीच सांगते : मूल स्वतः सवय सोडायला राजी असेल, तर हा उपाय फार चांगला आहे, राजी नसेल, तर तज्ज्ञांनी सांगितले तरी थोडे थांबावे आणि आधी मुलाशी बोलावे.

उपकरणाची गरज मुळात का पडते, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. बाळ अंगठा चोखते यात वावगे काही नाही. ते तर आईच्या पोटातही चोखते, आणि बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप ही सवय सोडतात. वरच्या आणि खालच्या दुधाच्या दातांमध्ये समोर पडलेली फट, पक्के पटाशीचे दात येण्याआधी सवय सुटली तर बहुधा आपली आपण भरून येते. हे पक्के दात सहाव्या-सातव्या वर्षी दिसू लागतात, आणि तेव्हाही अंगठा रोज कित्येक तास तोंडात असेल, तर त्याचा दाब वरच्या दातांना पुढे आणि खालच्यांना आत ढकलत राहतो. झोप लागेपर्यंत क्षणभर अंगठा तोंडात धरणारे मूल आणि रात्रभर जोराने चोखणारे मूल यांत म्हणूनच मोठा फरक आहे.

पुढे आलेले दात सर्वांना दिसतात. टाळूचे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. अंगठ्यामुळे जीभ खाली दबून राहते, वरच्या दाढांना आतून तिचा आधार मिळत नाही, बाहेरून गाल दाबत राहतात आणि वरचा जबडा हळूहळू अरुंद होतो. माझ्या मुलीने दाढा घट्ट मिटल्या तरी समोर वरच्या आणि खालच्या दातांत फट राहत असे, आणि त्या फटीतून जीभ डोकावत असे. भाकरीचा तुकडा किंवा कैरीची फोड तिला पुढच्या दातांनी तोडताच येत नव्हती. ती तोंडाच्या कडेला नेऊन दाढेने तोडायची. ‘स’ म्हणतानाही जीभ बाहेर यायची. अंगठ्याच्या सांध्यावर जाड घट्टा पडला होता.

उपकरण बसवण्याआधी आम्ही नखांना लावायचे कडू द्रव वापरले होते. त्यात डेनाटोनियम बेन्झोएट हे अतिशय कडू रसायन असते. जागेपणी विसरून अंगठा तोंडात जाणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होतो, कारण ते आठवण करून देते. झोपेत चोखणाऱ्या आमच्या मुलीवर त्याचा परिणाम झाला नाही. कोरफडीचा गरही तितपतच. मिरची लावण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो, तो कृपया कुणी मानू नये. तोच हात डोळ्याला लागतो.

अमेरिकेतील केंटकी राज्यातले दंततज्ज्ञ हॅस्केल आणि मिंक यांनी १९९१ मध्ये ‘ब्लूग्रास’ची माहिती प्रसिद्ध केली. वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांवर धातूची कडी चिकटवतात, त्यांना जोडणारी तार टाळूजवळून जाते आणि तारेवर, पटाशीच्या दातांच्या मागे, एक गुळगुळीत मणी फिरता ठेवलेला असतो. मुलाला सांगायचे एवढेच की अंगठा आठवला की जिभेने मणी फिरव. वरच्या दातांमागे बसवायच्या जुन्या पद्धतीच्या तारेच्या जाळीत अंगठ्याला अडवण्यावर भर असतो आणि मुलाला ती शिक्षा वाटू शकते. इथे जिभेला काम मिळते, आणि मण्यामुळे अंगठा टाळूला नीट टेकत नसल्याने चोखण्यातली गोडीही जाते. माझी मुलगी अभ्यास करताना मणी फिरवत बसायची, ते बघून मला फार बरे वाटायचे.

बसवताना दुखले नाही. माप घेताना मात्र तिला उमासे आले. पहिले काही दिवस लाळ फार सुटली, बोलणे बोबडे झाले आणि पोह्यांचे कण तारेखाली अडकत राहिले. चिक्की आणि चॉकलेट पूर्ण बंद ठेवावे लागते, कारण चिकट पदार्थाने कडी सुटते. प्रत्येक खाण्यानंतर चूळ आणि दोन्ही वेळा तारेखालून ब्रश, ही जबाबदारी पालकांचीच. अंगठा लवकरच सुटला, पण सवय पक्की मोडावी म्हणून उपकरण काही महिने तोंडात ठेवले गेले. आता समोरची फट बरीच कमी झाली आहे. जबड्याचा अरुंदपणा मात्र या उपकरणाने जात नाही. त्यासाठी जबडा रुंदावणारे वेगळे उपकरण लागेल, असे तज्ज्ञांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते.

रुग्णालयातील डॉक्टर मुलीशी थेट आणि आदराने बोलले, अंगठ्याची लाज तिला कुणी वाटू दिली नाही, आणि खर्च खासगी दवाखान्यात सांगितलेल्या रकमेपेक्षा बराच कमी आला. तक्रारी दोन : प्रत्येक वेळी रांगेत सकाळ जाते, आणि काळजी कशी घ्यावी याचा कागद फक्त इंग्रजीत आहे, तो माझ्या सासूबाईंच्या उपयोगाचा नव्हता, आणि दुपारी मुलीला जेवू घालतात त्याच. जाणाऱ्यांनी सूचना मराठीत लिहून मागाव्यात, आणि कडी सुट्टीच्या दिवशी सुटली तर कुठे यायचे, हे बसवण्याआधीच विचारून घ्यावे.