फोनने झोपेला दिलेले ९१ गुण: वर्षभराच्या वापरानंतर

कॅमेरा, बॅटरी, गेमिंग यावर सगळ्यांनी लिहून झालंय, ते परत उगाळत नाही. पंधरा हजारांच्या आतला हा फोन मी एकाच हिशोबाने घेतला होता. पावलं, झोप, हृदयाचे ठोके सगळं फोनच मोजतोय, तर मनगटावर बांधायला वेगळे पैसे कशाला घालवा? वर्ष उलटलं. आज लिहायला बसलो कारण सर्व्हिस सेंटरमधली बाचाबाची अजून डोक्यातून जात नाहीये.

आधी चांगलं सांगतो. पावलं झकास मोजतो. पावलं मोजायची वेगळी सोय अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे आणि बॅटरीही फार खात नाही. सिंहगड रोडवर स्कूटरवरून जाताना खड्ड्यांचीही पावलं होणार असं वाटलं होतं, पण नाही झाली. चालण्याला ठेका असतो, खड्ड्यांना नसतो, हे त्याला बरोबर कळतं. फसतो तो पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत, तिथे थोडी फुकटची पावलं जमा होतात. पॅन्टच्या खिशात हिशोब चोख, पिशवीत टाकला की कमी. पर्वती चढून गेलो तर 'मजले: ०'. कारण बॅरोमीटर नाही. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण १२ पास्कलने उतरतो, तो मोजणारा सेन्सर असल्याशिवाय चढ समजायचा कसा? या किमतीत तो सहसा देत नाहीत. चालायचं.

आता झोप. ॲप सांगतं, फोन उशीजवळ गादीवर ठेवा. आत जो ॲक्सिलरोमीटर आहे तो गादीची हालचाल टिपतो. हालचाल नाही म्हणजे झोप, बराच वेळ नाही म्हणजे गाढ झोप, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही सगळे मिरवणूक बघायला लक्ष्मी रोडला गेलो. गर्दीत खिसेकापू फार, म्हणून फोन कोथरूडला घरीच गादीवर राहिला. पहाटे पाय ओढत घरी आलो तर स्क्रीनवर हजर: झोप ७ तास ४० मिनिटं, गाढ झोप उत्तम, गुण ९१. मी स्वतः झोपून इतके गुण कधीच मिळवले नव्हते.

तेव्हापासून मी गादीच्या मागे लागलो. आमची कापसाची गादी, बसून बसून दगड झालेली. त्यावर मी कूस बदलली तरी दोन हात लांबच्या फोनला पत्ता लागत नसे. पाहुण्यांच्या खोलीत स्प्रिंगची गादी आहे, तिथे उलटं. बायकोने पाय हलवला तरी जाग माझ्या नावावर. शेवटी पिंजाऱ्याला बोलावून आमची गादी पिंजून घेतली. त्याच रात्रीपासून 'हलकी झोप' वाढली! बायको म्हणाली, "अहो, फोनसाठी गादी पिंजणारे पुण्यात तुम्ही पहिलेच." गादी मऊ झाली तो फायदा वेगळा. घोरण्याचीही नोंद होते, पण कोण घोरतंय हे मायक्रोफोनला कळत नाही. या विषयावर आमच्या घरात चर्चा बंद आहे.

मग फोन पडला आणि डिस्प्ले बदलावा लागला. परत आला तेव्हापासून आडवं झालं की स्क्रीन आपोआप फिरायची, आणि ॲप रात्रभर मला जागं दाखवायचं. सेन्सरचे आकडे दाखवणारा फोनमधला टेस्ट मेनू उघडून फोन जमिनीवर सपाट ठेवला. (ओट्यावर ठेवू नका, त्याला सिंककडे उतार असतो.) सपाट ठेवलेल्या फोनवर ॲक्सिलरोमीटरच्या उभ्या अक्षाचा (वर-खाली दिशेचा) आकडा ९.८ च्या आसपास हवा, ते गुरुत्वाकर्षण. माझा १०.७, आणि दशांशापुढचे आकडे थरथरत होते. आईचा जुना फोन त्याच फरशीवर: ९.८, गप्प.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणतो, "सर, कॉल लागतोय ना?" अरे बाबा, कॉल लागतोय, पण मी कॉलची तक्रार घेऊन आलोय का? मग म्हणे ॲप बाहेरचं आहे. मग म्हणे बोर्ड बदला. बोर्डाची किंमत फोनच्या निम्म्याहून जास्त! जॉबशीटवर 'टेस्टेड ओके' लिहिलेलं, कशाने टेस्ट केलं ते विचारलं तर उत्तर नाही. दोन्ही फोन त्यांच्याच काउंटरवर शेजारी ठेवून आकडे दाखवले, तेव्हा आतून एक वयस्कर टेक्निशियन आले. काही न बोलता सेन्सर कॅलिब्रेट करून, म्हणजे त्याचा आकडा जागेवर आणून दिला, पाच मिनिटांत, फुकट. त्या गृहस्थांमुळे एक तारा वाढवतोय. आकडा ९.८ झाला, थरथर मात्र राहिली. पावलांना त्याने फरक पडत नाही, चालण्याचा हिसका मोठा असतो. गादीतून येणारी हालचाल इतकी बारीक की ती त्या थरथरीतच बुडून जाते.

नंतर मुलीचा दोन हजारांचा बँड काही रात्री मागून घेतला, आणि माझं मत बदललं. बँडमधला हिरवा दिवा कातडीखालच्या रक्तातून नाडी वाचतो, म्हणजे निदान माणूस हजर आहे एवढं तरी त्याला माहीत असतं. निवांत पडून वाचत होतो ती वीस-पंचवीस मिनिटं त्यानेही झोपेत धरली, पण फोनसारखा वाहवत गेला नाही. स्वप्नांची झोप किती, गाढ किती, हे टक्के मी त्याचेही मानत नाही. झोपेच्या तपासणीत त्यासाठी डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला इलेक्ट्रोड लावतात. मेंदूची लहर मनगटावर येत नाही.

कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी मोजणं मात्र स्थिर बसलात तर चांगलं जमतं, डॉक्टरांकडच्या आकड्याशी जुळलं. ऑक्सिजन दाखवणारी ॲप्स लगेच काढून टाका. ऑक्सिमीटरला लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश लागतात, फोनच्या फ्लॅशमध्ये तो दुसरा नाही.

सध्या पावलं चालू, झोप बंद. या किमतीत फोन घेणार असाल तर दुकानातच टेस्ट ॲप टाका, फोन काउंटरवर सपाट ठेवा आणि उभ्या अक्षाचा आकडा मिनिटभर बघत राहा. जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वळला ते मोजणारा सेन्सर, यादीत आहे की नुसता 'व्हर्च्युअल', म्हणजे बाकीच्या सेन्सरवरून अंदाज बांधणारा, हेही विचारा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.