रेफ्युजियमवाला सम्प करून घेतला: काच चांगली, डोकं कमी

ठाण्यातल्या एका टँकवाल्याकडून सम्प (फिशटँकच्या खाली ठेवायची, पाणी साफ करायची टाकी) करून घेतला त्याला चार महिने झाले, म्हटलं आता लिहावं. मरीन टँक माझा ३ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे १९० लिटरच्या आसपास, दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल मासा नि भरपूर लाइव्ह रॉक, म्हणजे सूक्ष्म जीव वसलेले समुद्री दगड. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट ४० च्या खाली यायलाच तयार नव्हतं, पाणी बदलून बदलून कंबर गेली पण दगडांवरचे शेवाळाचे हिरवे केस काय थांबेनात.

सम्प २४ बाय १२ इंची, मधला १० इंचाचा चेंबर रेफ्युजियमला, म्हणजे माशांपासून लांब शेवाळ नि बारीक जीव वाढवायला. काचकाम एकदम सुबक, सिलिकॉन कुठे ओघळलेलं नाही, थेंबभर गळती नाही. इथपर्यंत भाऊला मानलं. पण मधला चेंबर आणि पाणी वर टँकमध्ये परत पाठवणारा रिटर्न पंप यांच्यामधल्या काचेला कचरा अडवणारे दातेच नाहीत! रेफ्युजियममधलं समुद्री शेवाळ चीटो म्हणजे ओल्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता समजा, त्याचे तुकडे वाहत गेले नि दुसऱ्याच आठवड्यात पंप जाम. फोन केला तर म्हणे, "साहेब, जाळी लावून घ्या ना." अरे मग ती तू नको का लावायला? शेवटी बागेची प्लास्टिक जाळी कापून मीच बसवली.

दुसरी गंमत लाइट गेल्यावर. रिटर्नच्या पाइपचं तोंड त्याने वरच्या टँकच्या पाण्यात पार खाली सोडलेलं, पंप बंद पडला तसा सायफन लागला नि वरचं पाणी सगळं उलटं खाली, आणि सम्पमध्ये किती जागा रिकामी ठेवायची हे पठ्ठ्याने सांगितलंच नव्हतं. रात्री अडीचला आम्ही मायलेक फडकी घेऊन खाऱ्या पाण्यात. आता ते तोंड जेमतेम इंचभर बुडेल एवढं वर घेतलंय आणि सम्पवर मार्करने रेघ मारलीय, तिच्यावर पाणी भरायचं नाही. तुम्ही घेणार असाल तर टँकवाला घरात असतानाच पंप बंद करून बघा, लाजू नका.

चीटोबद्दल मात्र तक्रार नाही. मुठीएवढा गोळा टाकला, रात्री १० ते सकाळी ८ टाइमरवर लाल-निळा ग्रो लाइट. उलट्या वेळेला अशासाठी की वरच्या टँकचा लाइट बंद झाला की टँकमधला कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच पडतो, तेव्हा खाली चीटो तो खात बसतो. सकाळी ७.८ दिसायचा, आता ८.१ च्या आसपास असतो. कपाटाच्या फटीतून जांभळा उजेड येतो, आई म्हणते हॉलमध्ये डान्स बार काढलायस का.

पहिले तीन आठवडे काऽही फरक नाही, मी तर शिव्या घालत होतो. मग दोन महिन्यांत गोळा फुटबॉलएवढा नि नायट्रेट १० वर. फक्त पंधरा दिवसांनी त्यातला तिसरा हिस्सा उपटावाच लागतो, खाल्लेलं नायट्रेट टँकबाहेर जातं ते तेव्हाच. टँकवाला कॉलर्पा नावाचं दुसरं शेवाळ पण देत होता, द्राक्षाच्या घोसासारखं, दिसायला भारी, पण ते कधीकधी एका रात्रीत पांढरं पडतं आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत सोडतं, म्हणून नको म्हटलं.

आणि पॉड्स, म्हणजे मासे खातात ते बारीक कवचवाले जीव! माशांचं तोंड पोचत नाही म्हणून रेफ्युजियम म्हणजे पॉड्सचं माहेरच झालंय, रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात.

काचकामाला ४, डोक्याला २, चीटोला ५ पैकी ५. परवा उपटलेला गोळा बादलीत ठेवलाय, ठाण्यात कुणाला हवा असेल तर घेऊन जा, डबा तुमचा आणा.