झडीत बॅटरी भरायची, तर कंट्रोलरमधून की चार्जरने?

तीन-चार दिवस झड लागली की वावरातलं सोलर मान टाकतं. आमची संत्र्याची बाग वरूडकडे, गावापासून दूर. कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं झटका मशीन, चार दिवे, एक पंखा, एवढाच बोजा. पण रात्री झटका बंद पडला की शेजारच्या भुईमुगात डुकरं शिरलीच समजा. 150 एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, 12 व्होल्टच्या, एकीला एक जोडून, म्हणजे 24 व्होल्ट, आणि जुना पेट्रोलचा दोन केव्हीए जनरेटर. या जनरेटरवरून बॅटरी भरायच्या दोन्ही तऱ्हा मी करून पाहिल्या.

पहिली मोहात पाडणारी. पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर आहेच, बॅटरी टप्प्याटप्प्याने भरणारं बल्क-अ‍ॅब्सॉर्प्शन-फ्लोट त्यात बसवलेलं आहेच. जनरेटरवर 48 व्होल्टचा पॉवर सप्लाय लावायचा आणि त्याच्या तारा पॅनलच्या जागी द्यायच्या. चार्जरचे पैसे वाचले. (सप्लाय तरी कशाला, डायोडचा ब्रिज लावून सरळ दे, असं सांगणारे भेटतील. देऊ नका. 230 व्होल्ट एसी ब्रिजमधून निघाली की 325 पर्यंत चढते, आणि आपले कंट्रोलर 100 नाहीतर 150 व्होल्टचे.)

एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वॅट काढणारा, पॅनलला पिळून घेतो. पॅनल दमलं की व्होल्ट खाली सोडतं, पण देत राहतं. माझ्या सप्लायचा स्वभाव तसा नव्हता. झेपेना की तो सरळ हात वर करायचा. सप्लाय 350 वॅटचा, कंट्रोलर 30 अँपिअरचा. 28 व्होल्टला हा 840 वॅट मागणार! सप्लाय बंद, दोन सेकंदांनी चालू, कंट्रोलर चाचपडत वर चढतो, पुन्हा बंद. बोजा असा येतोय-जातोय म्हणून जनरेटरही गुरगुरतो, दबतो, गुरगुरतो. टिनावर पाऊस, खाली हा तमाशा, आणि मी रात्री अकराला टॉर्च हातात धरून मीटर बघतोय. सालदार छत्री घेऊन आला, क्षणभर ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, ह्याले उचकी लागली काय?" तांत्रिक भाषेतही त्याला हिकप मोडच म्हणतात, हे मला मागाहून कळलं. दोन तासांचं पेट्रोल गेलं, बॅटरी होती तिथंच.

मग 24 व्होल्टचा 15 अँपिअरचा ऑटोकट (बॅटरी भरली की आपोआप थांबणारा) चार्जर आणला आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावला. कंट्रोलर आणि पॅनल जिथल्या तिथं. चार्जर आणि कंट्रोलर दोघांचं जमेल का, ही धाकधूक होती. काही झालं नाही. व्होल्ट चढलेला दिसला की कंट्रोलर आपला हात आखडता घेतो, इतकंच. बॅटरी निम्म्यावर आली की जनरेटर लावायचा, तीन तासांत साधारण 45 एएच जातात, म्हणजे 80 टक्क्यांच्या आसपास. तिथं थांबायचं. त्यापुढे बॅटरी करंट कमी-कमी घेते आणि पेट्रोल मात्र जळतच राहतं. उरलेलं उघाड पडल्यावर उन्हाने करावं. उघाडीत एकदा पूर्ण भरू द्या मात्र, लेड-अ‍ॅसिडला अर्धपोटी राहणं सोसत नाही.

पहिली तऱ्हा वाईटच, असं मी म्हणणार नाही. तुमच्या कंट्रोलरमध्ये चार्जिंग करंट बांधायची सोय असेल, तर 10 अँपिअरवर बांधा. 280 वॅट, वर थोडा तोटा, 350 च्या सप्लायला झेपावं. भार वाढला की बंद न पडता करंट धरून ठेवणारा सप्लाय मिळाला तर आणखी बरं. बॅटरी लिथियमची असेल तर लेड-अ‍ॅसिडचा चार्जर तिला लावूच नये. तिथं कंट्रोलरमधलं सेटिंग खरंच कामाचं. माझ्या कंट्रोलरला करंट बांधायची सोय नव्हती, आणि तेवढ्यासाठी नवा घ्यायचा तर चार्जरच स्वस्त पडत होता. चार्जरचीही एक खोड आहे: स्वस्तातला, कट-ऑफ नसलेला घेतलात तर बॅटरीचं पाणी भराभर उडतं.

मागच्या झडीत मी गावातच होतो. सालदाराने दिवस बुडता जनरेटर लावला, जेवला, पान खाल्लं, तीन तासांनी बंद केला. मला फोनसुद्धा आला नाही.