टॉप व्हेरियंट की मधला? गाडी बुक करताना काय घेतलं, काय सोडलं

शोरूम ठाण्यात घोडबंदर रोडवरचं, नाव लिहीत नाही कारण सर्व्हिसिंगला परत तिथेच जायचंय. सेल्सवाला मुलगा बोलायला गोड, टेस्ट ड्राइव्हला पण खळखळ केली नाही, फक्त मधला व्हेरियंट म्हटलं की फिरून फिरून टॉपवरच येणार. "सर, रीसेलला टॉपच चालतो." डिस्प्लेला पण टॉपच उभी, मधली बघायला मागच्या यार्डात जावं लागलं. तुम्ही पण जाच, कारण सीटचं कापड कसंय, मागे एसीचे व्हेंट आहेत का, मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याला हेडरेस्ट आहे का, हे ब्रोशरमधल्या टिकमार्कवरून नीट कळत नाही.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांना आवडलं तेवढंच फीचर वेगळं मागवता येत नाही, सगळं व्हेरियंटला बांधलेलं. नुसती कोशिंबीर जास्त पाहिजे म्हणून अख्खी स्पेशल थाळी घ्यायची तसलं. आणि फरक फक्त एक्स-शोरूमचा धरू नका, खरी मेख पुढे आहे. आमची चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी, मधला व्हेरियंट ९ लाख ८० हजार, टॉप ११ लाख ३० हजार. सेल्सवाला म्हणतो दीडच लाखाचा फरक सर. पण महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आणि त्याच्या वर २० लाखांपर्यंत गेलात की १२ टक्के, तोही पूर्ण किमतीवर. म्हणजे १ लाख ७ हजार ८०० च्या जागी १ लाख ३५ हजार ६००. झाले ना २७ हजार ८०० जास्त? वर १० लाखांच्या पुढच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (डीलर आपल्याकडून आधीच घेतो तो इन्कम टॅक्स), तो रिटर्न भरताना मिळतो पण आज खिशातून द्यावाच लागतो. किंमत वाढली की आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्सवाले धरतात ती गाडीची किंमत, वाढते, मग इन्शुरन्सचा प्रीमियम पण वाढतो. सनरूफवर लोन घेतल्यासारखं व्याज बसतं ते वेगळंच.

म्हणून माझा नियम साधा, जे नंतर बाहेरून बसवता येत नाही ते कंपनीतूनच घ्यायचं, बाकीच्यावर घासाघीस करायची. एअरबॅग पहिल्या. पुढच्या दोन आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होत नाहीत ते) कायद्यानेच येतात, सहा एअरबॅगची सक्ती नाही, सरकारने आणू म्हटलं आणि मग सोडून दिलं, त्यामुळे तुमच्या व्हेरियंटला नक्की किती हे लेखी विचारा. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी आपली टेस्ट, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, स्टार किती ते बघा पण टेस्ट कुठल्या व्हेरियंटची झाली तेही बघा. मग मागचा वायपर आणि काचेवरचं धुकं घालवणारा डिफॉगर. जुलैत गायमुखच्या घाटात मागची काच धुरकट झाली की आरसा नुसता शोभेला. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी लगेच मागे सरकत नाही ते, पण पाहिजेच, आमच्या सोसायटीचा पोडियमचा रॅम्प असला उभा आहे की मागे कोणी चिकटून थांबलं की घाम फुटतो.

सनरूफवरून घरात जाम वाजलं. मुलीला पाहिजे होतं, बायकोला नको होतं, बाबा म्हणाले ठाण्याच्या मे महिन्यात छप्पर उघडून काय होरपळून घ्यायचंय का. मला विचाराल तर व्हेंटिलेटेड सीट सनरूफपेक्षा शंभर पटीने कामाची, माजिवड्याला अडकलात की शर्ट पाठीला चिकटतो ना, तिथे कळतं. आमच्या गाडीत दोन्ही टॉपलाच होतं, आम्ही मधला घेतला, त्यामुळे दोन्ही गेलं, सीटचं वाईट वाटतं, सनरूफचं अजिबात नाही.

एडीएएसबद्दल, म्हणजे गाडीला लेनमध्ये ठेवायला, ब्रेक मारायला मदत करणाऱ्या कॅमेरा-सेन्सरच्या सिस्टिमबद्दल, सेल्सवाला फार रंगात आला होता. पट्टे नीट आखलेल्या रस्त्यावर मस्त चालतं, समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आलाय, नागपूरकडे सारखं जाणं असेल तर जरूर विचार करा. रोजचा प्रवास कासारवडवली ते वागळे इस्टेट असेल तर बाईकवाले डावीकडून, रिक्षा उजवीकडून, पट्टे खड्ड्यात गेलेले, लेन असिस्ट बिचारं करणार काय. अलॉय व्हील पण टॉपला एक साइज मोठे आणि टायरची कड बारीक, आपल्या खड्ड्यांना असला टायर लवकर फुटतो, रिम वाकते ते वेगळंच. मधल्याचे १६ इंची मला जास्त पटले.

आता अ‍ॅक्सेसरीज. ४५ हजारांचं पॅकेज टाइप करून तयारच होतं. त्यातलं फ्रंट क्रॅश गार्ड (बंपरपुढचा लोखंडी बार) सगळ्यात आधी उडवलं, २०१७ च्या डिसेंबरपासून त्याच्यावर बंदी आहे आणि धडकेत एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो तो वेगळा, तरी लिस्टमध्ये होतं, हे मला अजिबात आवडलं नाही. सीट कव्हर बाहेरून घेतलं, पण साइड एअरबॅग सीटमध्ये असते म्हणून त्या बाजूची शिलाई उघडणारं बघून घेतलं, साधं कव्हर चढवलंत तर एअरबॅग आतच अडकेल. मॅट, डॅशकॅम वगैरे कलिन्याला सीएसटी रोडवर बरंच स्वस्त पडलं. पण वायर कापून दिवे-बिवे बसवू नका, इलेक्ट्रिकल वॉरंटीला तेच कारण दाखवतात. अंडरबॉडी कोटिंग, सिरॅमिक कोटिंग नको म्हटलं, आग्रह दोनदा झाला, मग सोडलं.

'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ होती, हे कशाचे म्हणून विचारलं, काय उत्तर मिळेना, मॅनेजर आला आणि ओळ गेली. न विचारता गेली नसती. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायला लागतो असंही सांगतात, तसं काही नाही. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) लागतो, तो घेऊन बाकीचा ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) तुम्ही कुठूनही घ्या, कॅशलेस त्या वर्कशॉपचा इन्शुरन्स कंपनीशी टाय-अप आहे का यावर ठरतं, शोरूमवर नाही. मी बाहेरचं कोटेशन दाखवलं तर यांनी स्वतःच किंमत खाली आणली, मग त्यांच्याकडेच घेतला, झीरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत) आणि इंजिन प्रोटेक्टसकट. इंजिन प्रोटेक्ट मात्र कापू नका, आपल्याकडे पाणी भरतं आणि पाणी इंजिनात गेलं तर साध्या पॉलिसीत बहुतेक काही मिळत नाही.

शोरूमला ५ पैकी साडेतीन. अर्धा मार्क क्रॅश गार्डचा कापला, एक हँडलिंगवाल्या ओळीचा. डिलिव्हरी सांगितलेल्या दिवशी झाली, मड फ्लॅप फुकट दिले, ते मात्र त्यांच्याकडूनच घ्या, बाहेरचे बसवायला चाकाच्या आर्चमध्ये भोकं पाडतात.