कास, धोम की मायणी? तळ्याकाठच्या कच्च्या रस्त्यावर सायकल न्यायची तर कुठं

सातारा-सांगलीकडं सायकलवाले लय वाढलेत आणि आता बऱ्याच जणांना हायवेच्या सर्व्हिस रोडचा कंटाळा आलाय, मुरमाचा रस्ता हवाय, बाजूला पाणी, वर झाडं आणि मागून हॉर्न नको. परदेशातल्या व्हिडिओत दाखवतात तसा तळ्याभोवती सलग फिरणारा फक्त सायकलचा ट्रॅक आपल्याकडं नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर चिडचिड नको. आपली मोठी तळी म्हणजे धरणं, आणि धरणाचं पाणी प्रत्येक ओढ्यातनं आत घुसलेलं असतं, त्यामुळं समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो पण तिथं जायला वळसा घालता घालता दुपार होते, मधे रस्ता संपतो, कुणाच्या तरी भातखाचरात शिरायची वेळ येते. पूर्ण फेरीचा हट्ट सोडा, गेलो त्याच वाटेनं परत यायचं हे एकदा मान्य केलं की मग तीन जागा उरतात ज्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. कासचं तळं, धोमचं धरण आणि मायणीचा तलाव.

कासचं नाव सगळेच आधी घेतात. साताऱ्यातून साधारण २५ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून, आणि चढ सगळा डांबरी, म्हणजे तुम्ही ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरची राईड, म्हणून घरातून निघालात तरी वर पोचेपर्यंत रोड राईडच होते. झाडी मात्र तिन्हीत इथलीच खरी. तळ्याच्या काठाला जंगल पाण्यापर्यंत उतरलेलंय, उन्हाळ्यातसुद्धा सावली मिळते. पण जमिनीवर जांभा आणि पालापाचोळा, ओल असली की टायर कुठं घसरेल याचा नेम नाही, बरीच वाट सायकल हातात धरून चालायची आहे असं समजूनच जा. आणि हे सातारकरांना सांगायची गरज नाही पण बाहेरून येणाऱ्यांना सांगतो, हे तळं शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे, पाणी इथून उताराने साताऱ्यात येतं, तर चिखलाची सायकल काठावर धुवायची नाही.

कासच्या फुलांच्या पठाराचं वेगळं. पठारावर सायकल घालायचा विचारसुद्धा नको. जांभ्याच्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो, सगळी फुलं त्याच्यावरच येतात, एकदा टायरचा चर पडला की पाणी त्यातनंच वाहतं आणि माती निघून जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात कास आहे, वनखात्याचं लक्ष असतं आणि असायलाच पाहिजे. पठारावरून कुमुदिनी तळ्याकडं जाणारा जुना राजमार्ग बघून कुणालाही मोह होईल, पण तिथं सायकल न्यायची तर आधी वनखात्याच्या माणसाला विचारायचं, नाही म्हणाला तर वाद घालायचा नाही.

ट्रॅफिकचं म्हणाल तर कास म्हणजे दोन वेगवेगळी गावं आहेत असं धरा. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यात शनिवार-रविवार, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग, सायकलवाल्याला फक्त धूर. डिसेंबरातल्या मंगळवारी सकाळी मात्र रस्ता जवळपास रिकामा. तेव्हा कास निवडणार असाल तर फुलं बघायची का सायकल चालवायची हे ठरवा, दोन्ही एका दिवसात होत नाही. पुढं बामणोलीपर्यंत उतरलं की कोयनेचा शिवसागर जलाशय लागतो, उतार इतका मस्त की परत तेवढंच चढायचंय हे डोक्यातनं जातं. साधारण पाचशे मीटर चढ आहे बरं का परतीला. या पट्ट्यात गवे आहेत, अस्वलं आहेत, त्यामुळं अंधारात निघणं किंवा अंधार होईपर्यंत रेंगाळणं नको, आणि एकट्यानं तर नकोच, मोबाईलला रेंज धड नसते.

आता धोम. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं धोमच निवडावं, आणि त्याचं कारण निसर्ग नाही, रस्ता आहे. वाईतून आठेक किलोमीटरवर धरण, मेणवलीच्या बाजूनं गेलात तर नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट वाटेत, धोम गावात नृसिंहाचं देऊळ आहे आणि महादेवाच्या देवळासमोर दगडी कासवावर बसलेला नंदी, म्हणजे बरोबर घरची मंडळी असली तरी त्यांना बसायला जागा आहे. पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी पसरणीच्या घाटानं वर निघून जाते, धोमच्या बाजूला ती वळत नाही. पुढं जलाशयाच्या कडेनं गावांना जोडणारा रस्ता, कुठं डांबर, कुठं उखडलेलं डांबर, कुठं सरळ मुरूम, आणि मधे मधे पाण्याकडं उतरणाऱ्या गाडीवाटा. दूध घालायला निघालेल्या मोटारसायकली, एखादी एसटी, शाळेची पोरं, बस्स. चढउतार आहेत पण जीव काढणारे नाहीत.

धोमला झाडी कासएवढी नाही हे कबूल. पण जसजसं पश्चिमेला जाल तसं चित्र बदलतं, पाऊस तिकडं वाढत जातो, धोमच्या वर कृष्णेवरच बलकवडीचं धरण, त्याच्याही वर जोर गाव, वर महाबळेश्वरचा कडा, आणि कमळगडाच्या पायथ्याची जंगलं. तिथपर्यंत जायचं का नाही हे पायात किती दम आहे त्यावर. निम्म्यातनं परत फिरलात तरी दिवस वाया गेला असं वाटत नाही, आणि कासला ही सोय नाही, तिथं घाट पूर्ण चढल्याशिवाय पदरात काही पडत नाही.

एक गोष्ट धोमला बघून जायची, पाण्याची पातळी. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं तेव्हा पाणी रस्त्याजवळ, दिसायला सुंदर, पण काठाची वाट पाण्याखाली. मार्चनंतर पाणी उतरत जातं तशी काठाची जमीन उघडी पडते आणि लोकांना वाटतं चला आता पाण्याच्या कडेनं जाऊ. ती जमीन दिसते कडक, वरचा पापुद्रा वाळलेला असतो आणि खाली गाळ, चाक अर्धं आत. शिवाय तिथं शेतकऱ्यांनी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, केलेली असते, ती त्यांची पिकं आहेत, आपला ट्रॅक नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. त्या दिवसात ऊसतोड पण चालू असते, म्हणून वाईपर्यंत सायकल गाडीवर टाकून आणा, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं पॅडल मारत येण्यात काही शौर्य नाही.

मायणी या दोघांपेक्षा एकदम वेगळी. खटाव तालुका, दुष्काळी पट्टा, साताऱ्यापेक्षा विट्याच्या लोकांना जवळ, सांगलीकरांनाही कासपेक्षा हीच सोयीची. सपाट, त्यामुळं ज्याला चढ नको, गुडघे कुरकुरतात किंवा पोरं बरोबर आहेत त्यानं इकडं यावं. झाडी म्हणजे मुख्यत्वे बाभळी, गर्द सावलीची अपेक्षा नको, पण हिवाळ्यात पक्षी असतात आणि नशीब असलं तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतो. त्याला उथळ पाणी लागतं, चिखलातलं बारीक खाद्य गाळून खातो तो, म्हणून तलाव तुडुंब भरला की पक्षी बघणाऱ्यांची निराशा आणि पाणी थोडं उतरलं की मजा. सायकल लांब लावून चालत जा, पक्ष्यांच्या अंगावर रिम वाजवत जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये मात्र जाऊ नये, ऊन नुसतं भाजून काढतं आणि तळ्याकाठी खायला-प्यायला काही मिळत नाही. धनगरांच्या मेंढरांबरोबर कुत्री असतात, ती मागं लागली तर सायकल पळवू नका, उतरून सायकल मधे धरा आणि हळू चाला.

आणि बाभळीचा काटा. इथंच सायकल कुठली हा प्रश्न येतो. ट्यूबवाली सायकल घेऊन मायणीला गेलात तर दिवसभर पॅच लावत बसायची तयारी ठेवा, ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, घालून गेलात तर बारीक काटे आपोआप बुजतात. नवी ग्रॅव्हल बाईक घेतलीच पाहिजे असं काही नाही, ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर बसणारी साधी हायब्रिड धोम आणि मायणीला पुरते, फक्त हवा रस्त्यावर भरतो तेवढी कडक नको, थोडी कमी ठेवली की मुरमावर हात बधिर होत नाहीत. फार कमी केली तर दगडावर रिम आपटून ट्यूब चावली जाते, ते पण बघा. एमटीबी, म्हणजे जाड टायरची माउंटन बाईक, कासच्या तळ्याकाठी उपयोगी पण यवतेश्वरच्या घाटात तिचं वजन आणि जाड टायर जाणवतात. पुढं सस्पेन्शन असलं तर घाटात ते लॉक करा.

व्हॉल्व्हचं लक्षात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची असते, तुमच्या सायकलचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं पितळी अडॅप्टर खिशात पाहिजे, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू, नसली तर हवा असून उपयोग नाही. कॉम्प्रेसरनं भरताना थोडी थोडी भरायला सांगा, तो सवयीनं ट्रॅक्टरसारखी सोडतो.

सांगली-मिरजेच्या लोकांना रविवारी तीन तासच मोकळे असतील तर या तिन्हीचा नाद सोडा. दंडोबाचा डोंगर जवळ आहे, तळं नाही पण वनखात्याची झाडी आहे. नाहीतर म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांच्या कॅनॉलच्या कडेचे रस्ते आहेत, मुरमाचे, सपाट, गाड्या जवळपास नाहीत, आवर्तन, म्हणजे कॅनॉलला पाणी सोडणं, चालू असलं तर बाजूनं पाणीपण वाहतं. सावली कमी, म्हणून सकाळी नऊच्या आत घरी. कॅनॉलच्या अस्तरावर मात्र पाय टाकायचा नाही, शेवाळ असतं आणि कडा तिरकी असते, आत गेलेला माणूस स्वतःहून वर येत नाही.